कोकणच्या दमट हवेत पहिली सिगार निवडताना

माझा आतेभाऊ एका मे महिन्यात दुबईहून आला, तो पंचवीस सिगारची पेटी घेऊनच. दोन ओढल्या, उरलेल्या तेवीस आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात लाकडी कपाटात ठेवल्या. ‘सिगार ओलसर ठेवायची असते’ असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून जाताना पेटीत ओल्या स्पंजचा तुकडाही टाकून गेला. गणपतीला तो परत आला आणि पेटी उघडली. सगळ्यांवर हिरवट-पांढरी बुरशी, आणि चार-पाच सिगारना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. सगळी पेटी उकिरड्यावर गेली.

यात चूक त्याची एकट्याची नव्हती. सिगारविषयी जे काही सांगितलं जातं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी सांगितलेलं असतं. तिथे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी पडते, सिगार सुकून तडकते. त्यामुळे त्यांचा सगळा आटापिटा ओलावा वाढवण्यासाठी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावरची आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते आणि पापड डब्यातून काढल्यावर पाच मिनिटांत मऊ पडतो. इथे ओलावा कमी करण्याचं बघावं लागतं. सिगार कुठली घ्यावी, किती घ्याव्यात, केव्हा घ्याव्यात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कोकणात या एका गोष्टीने बदलतात. म्हणून हा लेख.

त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ज्याने आजवर तंबाखूला हात लावलेला नाही, त्याने सिगारपासून सुरुवात करावी असं मी कधीच म्हणणार नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत हे खरं, पण तोंडाचा, घशाचा, स्वरयंत्राचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग त्याने टळत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये पाच ग्रॅमपासून पंधरा-सतरा ग्रॅमपर्यंत तंबाखू असते. सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. मिश्रीने आणि तंबाखूने तोंड गेलेली माणसं आपण आपल्याच वाडीत पाहिलेली आहेत. ज्याने ठरवलंच आहे, त्याने निदान क्वचित, थोडी आणि समजून ओढावी, एवढ्यासाठी पुढचं सगळं.

आधी वेळ ठरवा, मग आकार

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ब्रँडचा विचारू नका. आपल्याकडे निवांत बसायला किती वेळ आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. सिगार अर्धी विझवून उद्या पेटवली तर कडवट राखेची चव येते. तेव्हा जेवढा वेळ, तेवढीच सिगार.

आकाराचे दोन आकडे असतात. पहिला लांबीचा, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. दुसरा जाडीचा, त्याला रिंग गेज म्हणतात. हा दुसरा आकडा नवख्यांना गोंधळात टाकतो, पण हिशेब सोपा आहे: एका इंचाचे चौसष्ट भाग केले, त्यातले किती भाग म्हणजे सिगारचा व्यास. 64 रिंग गेज म्हणजे बरोबर एक इंच. 50 म्हणजे जवळजवळ 20 मिलिमीटर, अंगठ्याएवढी जाड. 42 म्हणजे 17 मिलिमीटरच्या किंचित आत, करंगळीएवढी.

नावं पुष्कळ आहेत, सुरुवातीला चार पुरतात. पेटिट कोरोना साधारण 129 मिलिमीटर लांब आणि 42 गेज. अर्धा-पाऊण तास चालते. कोरोना तेवढीच जाड, लांबीला 142 मिलिमीटर. रोबुस्टो आखूड पण जाड, 124 मिलिमीटर आणि 50 गेज. पाऊण ते एक तास. चर्चिल 178 मिलिमीटर आणि 47 गेज. हिला दीड तास सहज लागतो. टोरो आणि गॉर्डो अशी आणखी जाडजूड भावंडंही आहेत, ती तूर्त दुकानातच राहू देत.

लहान सिगार म्हणजे सौम्य आणि मोठी म्हणजे कडक, असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं. आकारावरून फक्त वेळ कळतो. कडकपणा आतल्या पानांवर ठरतो. उलट बारीक सिगार घाईघाईने ओढली तर लवकर तापते आणि जीभ चावते. जाड सिगारचा धूर थंड आणि सावकाश येतो. बारीक सिगारमध्ये आतल्या पानांच्या मानाने वरच्या पानाचा वाटा जास्त, म्हणून त्या पानाची चव जास्त लागते.

माझा सल्ला असा: थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत, पेटिट कोरोनापासून सुरुवात करा. अर्ध्या-पाऊण तासात संपते, नाही आवडली तरी फार पैसे जात नाहीत, आणि निकोटीनचा मारा बेताचा राहतो. पावसाळ्यात घ्यायचीच झाली तर रोबुस्टो बरी. कारण ओल्या हवेत पान फुगतं आणि आतली वाट आवळते. बारीक सिगारमधून मग धूरच ओढला जात नाही, गाल दुखतात. जुलैमध्ये लान्सेरोसारखी 38 गेजची लांबलचक सिगार घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. मी पहिल्यांदा चर्चिल घेऊन पडवीत बसलो होतो तेव्हा आमचे काका एवढंच म्हणाले, “येवढो मोठो कित्याक घेतलस?” अर्ध्यावर डोकं गरगरायला लागलं तेव्हा त्यांच्या प्रश्नाचा अर्थ कळला.

पानांचं मिश्रण: मसाल्यासारखं समजून घ्या

सिगारमध्ये कागद नसतो, सगळी तंबाखूचीच पानं. सर्वांत वरचं दिसणारं पान म्हणजे रॅपर. त्याच्या आत सगळं बांधून धरणारं बाइंडर. आणि पोटात फिलर. फिलरमध्ये तीन-चार वेगळी पानं असतात, आणि खरं कौशल्य त्यांच्या प्रमाणात आहे.

तंबाखूच्या एकाच झाडावर खालपासून वरपर्यंत पानांचा स्वभाव बदलतो. खालची पानं व्होलाडो: चव बेताची, पण चांगली जळतात. मधली सेको: वास यांचा. वरची लिगेरो: ऊन सगळ्यांत जास्त खाल्लेली, जाड, तेलकट, कडक आणि हळू जळणारी. लिगेरो नेहमी सिगारच्या मधोमध ठेवतात, म्हणजे ती आजूबाजूच्या पानांच्या आधाराने जळते. सिगार कडक की सौम्य हे बरंचसं या लिगेरोच्या प्रमाणावर.

आपल्याला हे कळायला मुळीच अवघड नाही. मालवणी मसाला करताना आपल्याकडे ब्याडगी मिरची रंगासाठी घालतात आणि तिखटपणासाठी लवंगीसारखी वेगळी मिरची. ब्याडगी गडद लाल असते, पण तिखट नसते. रॅपरचंही अगदी तसंच आहे. काळपट तपकिरी मदुरो रॅपर बघून नवखा माणूस घाबरतो. प्रत्यक्षात तो रंग पान जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवल्याने आलेला असतो, आणि त्या आंबवण्याने पानात गोडसरपणा येतो. कोको, कॉफी, गुळाच्या काकवीसारखी चव. पोटात सौम्य फिलर असेल तर मदुरो सिगार सौम्यच लागते. आणि फिकट रॅपरच्या पोटात लिगेरो भरलेली असेल तर ती घाम काढते. रंगावरून तिखटपणा ठरवू नका. दुकानदाराला सरळ विचारा: ही माइल्ड, मीडियम की फुल?

रॅपरमध्ये दोन-तीन नावं लक्षात ठेवा. कनेटिकट शेड हे फिकट, मऊ पान. मूळचं अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या खोऱ्यातलं, तिथे कापडी मांडवाखाली सावलीत वाढवतात. हेच वाण एक्वाडोरमध्येही होतं, आणि तिथे बरेच दिवस ढगच इतके असतात की मांडवाची गरज पडत नाही. चव दुधासारखी, सुक्या गवतासारखी, फार बोचत नाही. नवख्याने पहिली सिगार या रॅपरची घ्यावी. हबानो आणि कोरोहो ही लालसर, मिरमिरीत. मदुरोबद्दल वर सांगितलंच.

देशांचं थोडक्यात. डोमिनिकन रिपब्लिकची सिगार साधारणपणे सौम्य ते मध्यम. निकाराग्वाची मिरीसारखी झणझणीत. तिथल्या एस्तेली भागातल्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीतली तंबाखू जास्तच. होंडुरास दोघांच्या मध्ये कुठेतरी. हे ढोबळ आहे, प्रत्येक देशात दोन्ही टोकांची सिगार मिळते.

क्युबाचं नाव सगळ्यांत मोठं, आणि तिथल्या पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागातल्या पानाला तोड नाही असं मानणारे पुष्कळ. पण 1960 मध्ये क्युबाच्या सरकारने सिगार कारखाने ताब्यात घेतल्यावर अनेक मालक आणि कारागीर देश सोडून गेले, आणि डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वामध्ये त्यांनी नव्याने धंदा उभा केला. म्हणूनच मोंटेक्रिस्टो, रोमिओ वाय हुलिएता, पार्टागास ही नावं क्युबाच्या सिगारवरही दिसतात आणि डोमिनिकन सिगारवरही. नाव एकच, माल वेगळा, किंमतही वेगळी. सिगारभोवतीच्या पट्टीवर देश बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

किंमत कशाची असते

सिगार मुख्यतः दोन प्रकारे बनते. हाताने वळलेली लाँग फिलर, म्हणजे आत टोकापासून टोकापर्यंत अखंड पानं. आणि मशीनची शॉर्ट फिलर, आत पानांचा चुरा. चुऱ्याची लवकर तापते, राख भुरुभुरु पडते, तोंडात कण येतात. कॅफे क्रेमसारख्या छोट्या सिगारिलो दुसऱ्या प्रकारातल्या. त्या स्वस्त, पण त्यावरून सिगार कशी लागते याचा अंदाज करणं म्हणजे पाकिटातल्या आमरसावरून हापूसचा अंदाज करणं.

हाताने वळलेल्या सिगारचे पैसे तीन गोष्टींचे: कारागिराचा वेळ, पानं आंबवून-मुरवून ठेवलेली वर्षं, आणि नाव. त्यावर आपल्याकडे आयात शुल्क आणि कर चढतो, म्हणून जी सिगार बाहेर बेताची असते ती इथे खिशाला जाणवते. पहिल्या दोन गोष्टींचे पैसे जरूर द्या. तिसऱ्याचे पहिल्या वर्षी देऊ नका. जिभेला अजून फरकच कळत नसतो. कोहिबा या महागड्या क्युबन सिगारचे जे पैसे द्याल त्यात बऱ्यापैकी डोमिनिकन किंवा निकाराग्वन पेटिट कोरोना तीन तरी येतात, आणि तीन वेगळ्या रॅपरच्या तीन सिगार महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने ओढून जे कळतं ते एका महागड्या सिगारमधून कळत नाही. पेटीच्या भानगडीत पडूच नका, सुटी घ्या. तयार सॅम्पलर, म्हणजे वेगवेगळ्या सिगारचा छोटा संच, मिळत असेल तर त्यातल्या सगळ्या सिगार एकाच आकाराच्या असाव्यात. आकारही वेगळा आणि पानंही वेगळी असली की चव कशामुळे बदलली ते उमगत नाही.

आपल्या गावांतून सिगारची दुकानं नाहीत. मुंबईला किंवा गोव्याला जावं लागतं, किंवा परदेशातून येणाऱ्याला सांगावं लागतं. परदेशातून येताना एका प्रवाशाला 25 सिगार शुल्क न भरता आणता येतात. निघण्याआधी चालू नियम एकदा बघून घ्यावा.

गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘क्युबन, क्युबन’ म्हणत पेटी पुढे करणारे भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नका. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली तर ती बनावटच, कारण तशी पेटी क्युबा काढतच नाही. खऱ्या क्युबन पेटीवर हिरवं सरकारी हमीचं सील असतं, कोपऱ्यात तिरकी ‘हबानोस’ पट्टी असते, आणि तळाला क्युबात बनवल्याचा आणि पूर्णपणे हाताने वळल्याचा स्पॅनिश शिक्का लाकडात उमटवलेला असतो. भारतात रीतसर विकायला आलेल्या पाकिटावर 85 टक्के जागा व्यापणारी सचित्र धोक्याची सूचना कायद्याने बंधनकारक आहे. ती नसेल तर माल चोरवाटेने आलेला. तो कुठे, कसा पडून होता, कोण सांगणार?

हातात घेऊन काय बघायचं

दुकानात आधी सिगार ठेवल्या आहेत तिथलं आर्द्रतामापक बघा. 65 ते 70 च्या मध्ये काटा असावा. मापकच नसेल, किंवा सिगार उघड्या काचेच्या कपाटात पानपट्टीसारख्या मांडलेल्या असतील, तर दुकान बदला.

मग परवानगी घेऊन सिगार उचला. दोन बोटांत अगदी हलकी दाबत टोकापासून टोकापर्यंत जा. हापूस पिकलाय का बघताना जसा हात लावतो, तसाच. दाबून दाबून दुसऱ्याचा माल नासवू नका. किंचित लवचिक लागली पाहिजे. कुरकुरली तर सुकलेली. भिजल्या भाकरीसारखी लिबलिबीत लागली तर पाणी प्यालेली. मध्येच एखादी जागा खूप मऊ असेल तर तिथे पानं कमी भरली आहेत, तिथे ती वाकडी जळणार. रॅपरवर चीर नको, आणि बारीक गोल भोकं तर अजिबात नकोत. ती तंबाखूच्या किड्याची. एका सिगारमध्ये किडा असला की शेजारच्या सगळ्या धोक्यात. पांढरट लव दिसली तर ‘हे मुरल्याचं लक्षण’ असं सांगणारे भेटतात. आमच्याकडे तरी ती बुरशीच निघाली. शेवटी उघड्या टोकाचा वास घ्या. सुकं गवत, लाकूड, गोठ्यासारखा वास चालेल. कोंदट, भिजल्या गोणपाटासारखा वास आला तर ठेवून द्या.

घरी आणल्यावर

शक्य तर आणल्या आठवड्यातच ओढून संपेल एवढीच घ्या. हाच कोकणातला सर्वांत स्वस्त उपाय.

ठेवायचीच झाली तर लाकडी ह्युमिडॉरवर, म्हणजे सिगारचा ओलावा राखणाऱ्या पेटीवर, हजारो रुपये घालू नका. त्याच्या फटींतून आपली पावसाळी हवा आत शिरते. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, नवा. ज्यात मसाला किंवा सुकट होती तो नाही. सिगार वास ओढून घेते. त्यात दोन्ही बाजूंनी काम करणारं, म्हणजे जास्तीचा ओलावा शोषणारं आणि कमी पडला तर सोडणारं, बोव्हेडासारखं पाकीट टाका. ही पाकिटं 62, 65, 69, 72 अशा टक्क्यांची मिळतात. सगळीकडे 69 किंवा 72 सुचवतात. आपल्यासाठी 65 घ्या, पावसाळ्यात 62 सुद्धा चालेल. साठ ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारना पुरतं. पाणी, स्पंज, ओलं फडकं काहीही नाही.

डब्यात छोटं डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण आधी ते खरं सांगतंय का तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतपतच पाण्याने ओलवा, मापकाबरोबर बंद पिशवीत एक दिवस ठेवा. आकडा 75 आला पाहिजे. 78 आला तर तुमचं मापक तीनने जास्त दाखवतं. इथे एक चूक आमच्या भागात हमखास होते: शिरोड्याच्या मिठागराचं जाडं मीठ घेऊ नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणूनच ते पावसाळ्यात आपोआप पाझरतं, आणि म्हणूनच आकडा चुकतो. पाकिटातलं शुद्ध मीठ घ्या.

उरला किडा. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात, आणि साधारण 25 अंशांच्या वर ती उबतात. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस त्याहून गरम. म्हणून महिनाभराहून जास्त ठेवायच्या सिगार दुहेरी बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. पायरी चुकवलीत तर रॅपर तडकतं. नंतर डबा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडे तो माजघरात जांभ्याच्या भिंतीजवळ जमिनीवर असतो. कौलाखालच्या माळ्यावर मे महिन्यात ठेवाल तर भाजून निघतील.

पेटवताना आणि ओढताना

पोटात जेवण हवं. रिकाम्या पोटी निकोटीन चढतं: घाम, मळमळ, हात थरथरणं. तसं झालं तर सिगार बाजूला ठेवा, पाणी प्या, गुळाचा खडा खा, बसून राहा. ती संपवायलाच हवी असा काही नियम नाही.

बंद टोकाची टोपी कटरने दोन मिलिमीटरच कापा. गोलाई संपून सरळ भाग सुरू होतो त्याच्या वरच थांबा. खाली गेलात तर रॅपर सुटायला लागतं. कापल्यावर न पेटवता एकदा ओढून बघा, हवा सहज यायला हवी. पेटवायला गॅसचा लायटर किंवा लांब काडी. पेट्रोलच्या लायटरचा वास पानात बसतो. ज्योत टोकाला टेकवू नका, जरा खाली धरून सिगार फिरवत कडा आधी शेकून घ्या. मग मिनिटाला एखादा झुरका, धूर तोंडातच ठेवून सोडायचा.

समुद्रावर बसून ओढायचं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते विसरा. दुपारचा खारा वारा सिगार एका बाजूने जाळत नेतो आणि तापवून कडू करतो. सूर्य बुडाल्यानंतर वारा पडतो, मतलई सुरू व्हायच्या आधी तासभर हवा स्थिर असते. ती वेळ, आणि जागा आपलंच अंगण. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर पडवीतही नको. एसटी स्टँड, रेल्वे स्थानक, हॉटेल अशा सार्वजनिक ठिकाणी 2 ऑक्टोबर 2008 पासून बंदीच आहे, आणि अठराच्या आतल्या कुणाला विकणं गुन्हा.

बरोबर काय प्यावं? मला बिनदुधाचा चहा सर्वांत जुळतो. कोकम सरबत नंतर. आंबटाने जीभ बधिरते. सिगार संपली की एका वहीत चार शब्द लिहून ठेवा: नाव, देश, आकार, रॅपर, महिना, आणि कुठपर्यंत आवडली. महिना लिहायला विसरू नका. मला एकच सिगार जानेवारीत उत्तम आणि ऑगस्टमध्ये निकामी लागलेली आहे, आणि वहीत महिना नसता तर मी दोष सिगारलाच दिला असता.

शेवटचा तिसरा हिस्सा कडक होत जातो. बोटांना गरम लागली की थांबा. सिगार चिरडून विझवली की घरभर वास सुटतो, म्हणून ठेवून दिली की ती आपोआप विझते, असं सांगतात. ते खरं आहे, पण आतली ठिणगी दिसत नसली तरी बराच वेळ जिवंत राहते. फेब्रुवारी ते मे आपल्या काजू-आंब्याच्या बागांत पाचोळा वाळून पडलेला असतो आणि एका ठिणगीने वणवा लागून कलमं जातात. थोटूक अंगणाबाहेर भिरकावू नका. नारळाच्या करवंटीत बोटभर पाणी घेऊन आधीच शेजारी ठेवा, थोटूक त्यात बुडवा, आणि सकाळपर्यंत तसंच राहू द्या.